शकुबाईंचा कापूस परीक्षेला बसला

आर्वीच्या शकुबाईंची सकाळ ठरलेली असे. अंगणात सडा, चुलीवर आंघोळीचं पाणी, मग देवापुढच्या वाती. त्या दिवशीही त्या वाती वळत बसल्या होत्या, यजमान रूपराव गोठ्यातून "चहा झाला का वं?" असं पुन्हा पुन्हा विचारत होते, तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात सुलोचना. त्यांची थोरली लेक, नागपूरला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा तोंडावर आलेली आणि ही पुलगावच्या छोट्या गाडीनं न कळवता हजर!

शकुबाई हातातली वात टाकून उठल्या. "काऊन आली वं? कोणी काई बोललं का?"

"बोलले नं. पण मले नाई, माय. तुह्या कापसाले बोलले."

ही १९५७ सालची गोष्ट. आर्वीत मॅट्रिक झालेल्या मुलीसुद्धा तेव्हा शोधाव्या लागत, आणि सुलोचना तर रसायनशास्त्रातलं पॉलिमर शिकत होती. शेजारच्या मनकर्णाबाईंनी त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. "पोरगी कापसाचं पाणी कराले शिकून राह्यली म्हणे. त्याले कॉलेज काऊन लागते? अवकाळी पाऊस फुकटात करून देते!"

शकुबाई स्वतः चौथी शिकलेल्या, पण ऐकल्यावर समजून घेतल्याशिवाय सोडणाऱ्या नव्हत्या. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी लेकीला खोदून खोदून विचारलं होतं.

"बारके बारके कण एकमेकांचा हात धरून हजारोंनी उभे राह्यले, की झालं पॉलिमर," सुलोचनानं सांगितलं होतं. "कापूस म्हंजे अशीच साखळी, झाडानं गुंफलेली. काई साखळ्या आमी प्रयोगशाळेत गुंफतो. त्याच्या दोन तऱ्हा. एकीत कण नुसते जोडत जातात. दुसरीत हरेक गाठीले थोडं पाणी सुटते."

"मंग ते लग्नच झालं," शकुबाई म्हणाल्या. "पोरीची गाठ बांधताना मायच्या डोळ्यातून सुटतेच."

सुलोचनानं हे नागपूरला जाऊन सांगितलं, तेव्हा वसतिगृहातल्या मुली पोट धरून हसल्या होत्या म्हणे.

सुलोचनाचा प्रयोग मात्र झाडानं गुंफलेल्या साखळीचा होता. मोरचूद आणि अमोनियापासून केलेल्या निळ्याशार द्रावणात घरचा कापूस विरघळवायचा, मधासारखा दाट पाक झाला की काचेच्या बारीक नळीतून तो सौम्य आम्लात सोडायचा आणि रेशमासारखा धागा ओढून घ्यायचा. पण धागा वीतभर येई आणि तुटे. प्राध्यापकांनी निकाल देऊन टाकला, "वर्ध्याकडच्या कापसाची साखळीच तोकडी. दुसरीकडचा मागवा."

"मंग मागव नं," शकुबाई म्हणाल्या. मनातून त्यांना ते लागलं होतं.

"काऊन मागवू? हा कापूस आपल्या वावरातला हाय. मी त्याले जाळून पाह्यला. चांगला कापूस जळला, की मागं काई उरल्यासारखं दिसतच नाई. तुह्या कापसाचं उरलं. वाळूसारखं रखरखीत. तेच नळीत अडकते अन् धागा तुटते. ते आलं कुठून, हे विचाराले आली मी."

शकुबाईंचा पारा चढला. "दिवस दिवस बसून निवडला म्या! सरकी हातानं काढली. लेकीच्या परीक्षेले जाते म्हणून एकेक पेळू देवाच्या वातीसारखा वळला. हा असा, पाह्य."

त्यांनी कापूस हातात घेतला, सवयीनं बोटं बाजूच्या वाटीत बुडवली आणि पेळू वळू लागल्या. वाटीत चुलीतली राख होती. बोटांना राख लावली, की कापूस हाताला चिकटत नाही आणि वातीला पीळ छान बसतो. आर्वीतली कुठलीही बाई हे डोळे मिटून करील.

सुलोचना वाटीकडे बघत राहिली. मग भिंतीला टेकून हसत सुटली.

शकुबाईंच्या ध्यानात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे म्याच नासवला?"

"नासवला नाई, माय. तू त देवाचा मान देल्ला त्याले."

"देवाले राख चालते," दारातून रूपराव म्हणाले, "प्रोफेसरले नाई चालत. आता तरी चहा टाका."

शकुबाईंनी चहा टाकला, हात घासून धुतले आणि शेवटच्या वेच्यातला कापूस नव्यानं निवडला, कोरड्या हातांनी. पेळू नाही, वात नाही, नुसता मोकळा कापूस. तो धुतल्या धोतराच्या फडक्यात बांधला आणि बजावलं, "हे गाठोडं मी नेतो. दुसऱ्याचा हात लागाले नको." वर्ध्यापलीकडे कधी न गेलेली ही बाई तशीच लेकीबरोबर नागपूरला निघाली.

परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांना स्टूल दिलं होतं. अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरत होते, तरी पदर नाकाला लावून त्या नजर न हलवता बघत होत्या. निळा पाक नळीतून उतरला. आम्लात निळेपणा विरला आणि पांढरा झळझळीत धागा पुढे सरकला. वीत झाली. हात झाला. सुलोचना काचेच्या कांडीवर तो गुंडाळत राहिली आणि धागा येतच राहिला.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक खुर्चीतून उठून जवळ आले. "कापूस कुठला?"

"आर्वीचा, सर. आमच्या शेतातला, माझ्या आईनं निवडलेला." सुलोचना आपल्या प्राध्यापकांकडे वळली. "साखळी तोकडी नव्हती, सर. राख लागली होती."

"मग माझे शब्द मागे घेतो," प्राध्यापक म्हणाले, आणि मनापासून हसले.

परीक्षक दाराकडे आले. "बाई, तुमच्या मुलीनं नाव काढलं. तुम्हाला काही म्हणायचंय?"

शकुबाई उठल्या. पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "झालं असन साहेब, त हिले जेवाले सोडा. सकाळपासून उपाशी हाय."