मोगऱ्याला दुसऱ्यांदा कैची

हुस्नाबी नवी सून होऊन घाटंजीत आली, त्या साली चुलीपाशी बसल्या बसल्या तिनं सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं. भांडण मोगऱ्याच्या छाटणीचं. सासरे मोहिउद्दीन शबे-बरातच्या रात्री कबरस्तानात फुलं वाहून आले, की दुसऱ्या सकाळी मोगऱ्याला कैची लावत. घरची चालच पडली होती ती.

"आपल्या सणाचा चांद दरसाल दहा-अकरा दिस अलीकडं येते," सासू सुग्राबी म्हणाल्या. "थंडी येते का त्याच्या मांगं?"

"आजवर काही बिघडलं का?"

"आजवर थंडी गेल्यावर येत होता म्हणून. तुमाले सांगणं म्हंजे विहिरीत तोंड घालून बोलणं."

दोन सालांत दोघंही गेले. एकोणीसशे त्रेसष्टात शबे-बरात आली ती भर जानेवारीत. हुस्नाबीला सासूचं बोलणं आठवलं. पण नवऱ्यानं, अय्यूबनं, बापाची चाल पाळली. चारशे झाडं छाटली, पाणी सोडलं. कोवळे कोंब आले आणि थंडीची लाट आली. एका सकाळी सगळे कोंब काळे, जसे कोणी पलित्यानं भाजले.

जमीन बंजारा तांड्यावरल्या हरिसिंगची, यांनी खंडानं केलेली. तो बांधावरूनच बोलला, "होळीवरी हिरवं नाही दिसलं तर नांगर घालतो, अय्यूबभाऊ. कपाशी तरी होईन."

हुस्नाबीचं जेवण सुटलं. मोगरा गेला तर हे घर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. एकेका झाडापाशी बसून ती नखानं साल खरवडी. वर तपकिरी, खाली तपकिरी, पार बुडाशी जरासं हिरवं.

"अजी, जळलेलं काढा लागते. अजून एक डाव छाटू."

"दोन डाव छाटलेलं झाड जगत नाही."

"अन् काळं ठेवलेलं जगते?"

अय्यूबनं कैची खुंटीला टांगली. थंडी पुरती सरेस्तोवर तिनं पंधरा दिवस पाणी तोडलं. मग कैची स्वतः उचलली. घाईत पहिल्या झाडाऐवजी लुगड्याचाच काठ कातरला. वाळकं, बारीक, आत वळलेलं सारं काढलं. गुडघ्याच्याही खाली, कोंब फुटतो त्या हिरव्या डोळ्याच्या जरा वर, तिरपा काप. उरली ती पानं खुडली, बुडाशी शेणखत घातलं आणि बेताचं पाणी दिलं.

दहा दिवस काहीच नाही. बांधावर बैलांच्या घंटा वाजल्या की हरिसिंगच आला म्हणून ती बांधाकडं धावे. आपणच बाग मारली, असं तिला वाटे.

होळीच्या दोन दिवस आधी हरिसिंग खरंच बैल घेऊन आला. वाकून पाहिलं. बुडाशी मोहरीएवढे हिरवे ठिपके, झाडोझाडी.

"नेतो बैल परत," तो म्हणाला. "पण फुलाचा पुडा दर गुरुवारी माह्या बायकोले, लालीले."

भीती काही गेली नाही. पुढं दर हिवाळ्यात ती कैची पिठाच्या डब्यात दडवून ठेवी, आणि थंडी सरेस्तोवर अय्यूब ती घरभर शोधे.

एकोणसत्तरच्या वैशाखात तिनं आयुष्यातला शेवटचा पुडा पोचवला. अंगात ताप होता. कळ्या पळसाच्या पानात बांधल्या, तांड्यापावेतो चालत गेली, लालीबाईच्या ओट्यावर ठेवल्या.

"बस ना वं, च्या घे," लालीबाई म्हणाली.

"पुढच्या गुरुवारी," हुस्नाबी म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून घराकडं निघाली.