कुलपाआड वाजलेली घंटा

माझी बायको गेली तेव्हापासून मी देव्हाऱ्याकडे पाठ करून झोपत होतो. आमची खोली चाकणच्या कडेला, कंपन्यांच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत. देव्हारा म्हणजे भिंतीवरची फळी. तिच्यावर तुळजापूरच्या आईचा फोटो, खंडोबाचा टाक आणि एक पितळी घंटा. एवढ्याशा खोलीत पाठ केली तरी देव लांब जातो कुठं? पण माझा राग मोठा होता. जिनं जन्मभर दिवा चुकवला नाही तिला चहा गाळता गाळता उचललंस, आणि ज्यानं कधी धड हात जोडले नाहीत त्याला ठेवलंस, ही कुठली रीत, असं मी त्या फोटोला विचारायचो. फोटो काय बोलणार. मी शिकलेला माणूस नाही. चौथीत शाळा सुटली, धाराशिवकडून इकडं आलो आणि भोसरीला भट्टीवर लोखंड ओतण्यात उमर गेली. तेव्हा लिहितोय ते वाकडंतिकडं असेल, खोटं नाही.

मुलगा आणि सून दोघंही कंपनीत. नात आहे, तीन वर्षांची. नाव चांगलं ठेवलंय, पण आजीनं तिला ठकी केलं ते ठकीच राहिलं. पोरगी सगळी आजीच्या कडेवर वाढली. दोघांच्या पाळ्या, त्यांचे डबे, आमचं खाणं, सगळं त्या एका बाईच्या कमरेवर उभं होतं आणि कंबर तर कधीचीच गेली होती तिची. ती म्हणायची, "इथं सरकारनं एक पाळणाघर काढाया पाहिजे बघा. लेकरं दिवसभर राहतील असं." मी म्हणायचो, "मग तू कशाला हाईस?" ती हसायची. मला ते हसणं कबूल केल्यासारखं वाटायचं.

तिचा एक नेम होता. दुपारी नैवेद्य दाखवायचा, ठकीला कडेवर घेऊन तिच्या हातानं घंटा वाजवायची, आणि मग खिडकीच्या गजातून खडीसाखर वाटायची. खिडकीखालूनच दुसऱ्या पाळीच्या बाया कंपनीच्या बससाठी जातात. कोण कुठली, कुणाला नाव माहीत नाही. हात आत यायचा, साखर घेऊन जायचा. ती ठकीला सांगायची, "घंटा वाजवली की आई येती बरं का." ती गेली आणि मी घंटा वाजवू दिली नाही. ठकीनं हात लावला की ओरडायचो.

ठकीला आता मीच सांभाळायला लागलो. अंगणवाडी आहे, तिला नावं ठेवत नाही, पण ती दुपारीच सुटते आणि पाळी संध्याकाळी. सुनेच्या कंपनीत पाळणाघर आहे म्हणे, पण सून ठेकेदाराकडची कामगार, त्यामुळं ते तिच्या लेकराचं नाही. मला साखरेचा आजार, रोज गोळ्या. दुपारी डोळा लागतो. एकदा माझा डोळा लागला आणि ठकी कडी काढून पार रस्त्याला गेली, जिथून कंटेनर जातात. पानवाल्यानं धरून आणली. त्या दिवशी सून रडली आणि मीच म्हणालो, "बाई, जाताना बाहेरून कुलूप लावत जा. आत मी आहे की." आमच्या रांगेत अशी कुलपं पुष्कळ. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोरगं आत, कुलूप बाहेर, किल्ली आईच्या कमरेला आणि आई लायनीवर. फोन गेटवर जमा करून घेतात, तेव्हा पाळी सुटेपर्यंत तिला हाक पोचत नाही. निघताना सगळ्याच आया देव्हाऱ्याकडे बघून म्हणतात, "आता तुझ्या हवाली." मी पण हेच म्हणत आलो होतो. देवावर रागावलेला असूनही.

मग एक दिवस सून गेल्यावर मी गोळी घेतली आणि जेवलो नाही. ही गेल्यापासून ताट वाढून घ्यायचा कंटाळाच. ठकीला भात भरवला. दुपारी अंगाला असा घाम फुटला की भट्टीसमोर उभा आहे. हात थरथरायला लागले. उठायला गेलो तर जमीन वर आली. पडल्या पडल्या मला दार दिसत होतं. ते उघडत नाही हे ठाऊक होतं. मी मेलो तर ही पोर संध्याकाळपर्यंत माझ्या प्रेताशेजारी खेळत बसणार, एवढंच डोक्यात आलं. तुळजापूरच्या आईला हाक मारावी असंही सुचलं नाही. मग ऐकू यायचं बंद होत गेलं.

पुढचं मला नंतर सांगितलेलं, काही ठकीनं, काही लोकांनी. ठकीनं मला हलवलं. मग डबा पालथा घालून त्याच्यावर चढली आणि फळीवरची घंटा काढली. वाजवत सुटली. थांबेचना.

खाली रस्त्यावरून एक बाई बस गाठायला पळत होती. पॅकिंगला काम करणारी, तिशीची असेल. घंटा ऐकून ती माघारी फिरली. नंतर मला म्हणाली, "मला वाटलं, खिडकीतल्या मावशी आल्या गावाहून. लई दिवस घंटा नव्हती. म्हणलं साखर घेऊन जावं, दिवस चांगला जाईल." तिनं नेहमीसारखा हात आत घातला. हातावर साखर नाही आली. तिनं वाकून बघितलं तर मी खाली, आणि पोर घंटा बडवतीय.

तिनं आरडाओरडा केला. समोर टेम्पो रिकामा करत होते, तो ड्रायव्हर पाना घेऊन आला. कुलूप दोन घावांत तुटलं. बाईनं माझा घाम बघितला, गोळ्यांचं पाकीट बघितलं, आणि विचारलं, "साखर कुठं हाय घरात?" ठकीनं बोट दाखवलं. देव्हाऱ्यावर माझ्या बायकोची खडीसाखरेची डबी तशीच होती. मी उघडली नव्हती तिला. हिनं भरून ठेवलेली ती शेवटची डबी. बाईनं साखर पाण्यात कालवून थोडी थोडी माझ्या ओठांना लावली, मग घोट घोट पाजली. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर गेलाच होता. मी डोळे उघडले तर तोंडात गोड होतं आणि कुणी बाई वाकली होती. मी तिला हिच्या नावानं हाक मारली. खरं सांगतो, मारली.

इथंच संपलं असतं तर मी घरी फुलं वाहिली असती आणि तुम्हाला सांगत बसलो असतो की आई धावून आली. पण मी उठून बसलो, पाणी प्यालो आणि म्हणालो, "बाई, तुझी बस चुकली ना माझ्यापायी?"  ड्रायव्हरनं तुटकं कुलूप खिडकीत ठेवलं होतं, त्याच्याकडं ती बघत होती.  पदराखालून तिनं किल्ली काढली.

"काका," ती म्हणाली, "माझा पण आत हाय."

मला समजलं नाही. "कोण आत आहे?"

"माझा पोरगा. चार वर्षांचा. त्याचा बाप पहिल्या पाळीला, मी दुसऱ्या. मी निघते तवा तो सुटलेला नसतोय. मधल्या वेळात ठेवते कुलपात."

 जिनं आत्ता माझं कुलूप फोडायला लावलं तिच्या कमरेला दुसऱ्या कुलपाची किल्ली, आणि ती निघाली होती मशीनवर.

ड्रायव्हर म्हणाला, "चला ताई, बसा टेम्पोत. काका, तुम्ही पडा." मी म्हणालो, "मी येणार." तो म्हणाला, "आत्ता तर वर निघाला होता, आता टेम्पोत चढताय व्हय!" पण हात दिला त्यानं. ठकीला मांडीवर घेतली. तिनं घंटा सोडली नव्हती.

दोन गल्ल्या पलीकडं तिची खोली. तिनं कुलूप काढलं. मला वाटलं होतं पोरगं रडत असेल. तो दाराला पाठ लावून बसला होता, पायांत चपला घालून. आईला बघून हसला नाही, रडला नाही. ओठांवर बोट ठेवलं. ठकीची घंटा किणकिणली तर तिच्याकडं डोळे मोठे करून परत बोट ठेवलं. त्याच्या आईनं त्याला छातीशी धरला आणि आम्हाला म्हणाली, "मीच शिकवलंय. आवाज केला तर लोकांना कळंल घरात एकटा हाय. कोण कसा असतो, काय सांगावं?"

मी पुष्कळ बघितलंय. भट्टीवर माणूस भाजलेला बघितलाय. पण त्या पोराचं ते बोट माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आमच्या ठकीनं आवाज केला म्हणून मी जगलो. ह्या पोराचा बाप एखाद्या दिवशी वेळेवर आला नसता, आत काही पेटलं असतं, तर हे शहाणं लेकरू आईचा शब्द पाळत गप्प बसून राहिलं असतं. आणि त्या रांगेत कुलपं किती होती! येताना मी एकेक दार बघत आलो. प्रत्येक कुलपावर मला ते बोट दिसत होतं.

संध्याकाळी सून आली. तुटकं कुलूप बघून दारातच बसली. तिला गेटवर फोन मिळाला तेव्हा कळलं होतं. मुलगा आला. बोलणं निघालं तसं मी म्हणालो, सरकारनं ह्या रांगेला पाळणाघर दिलं पाहिजे. दोन्ही पाळ्यांचं, पगारी बाई ठेवून. मुलगा म्हणाला, "अण्णा, सरकारनं काय काय करायचं? लोकांची पोरं पण सांभाळायची का? घरचं काम आहे ते."

सून म्हणाली, "मग बसा घरी, करा घरचं काम. सोडा पाळी."

 मुलगा म्हणाला, "मी सोडली तर भाडं कोण देणार?" तेव्हा सून माझ्याकडं वळली. "मामा, आत्या होत्या तवा तुमीच म्हणायचा, तू कशाला हाईस. आता सांगा, कोण हाय?"

 माझं म्हणणं एवढंच आहे. घरात सांभाळणारं माणूस असतं तेव्हा घरचं काम. ते माणूस गेलं की ते कुणाचं? कंपन्यांना रस्ता दिला, पाणी दिलं, वीज दिली, चांगलं केलं. पण त्या रस्त्यानं कामाला जाणाऱ्या बायांची लेकरं कुठं ठेवायची, हे कुणी हिशोबात धरलंच नाही. फोटोतली आई एकदा आली. रोज दुपारी एखादी बाई खिडकीखालून जावी, ती थांबावी, डबीत साखर असावी, ह्यासाठी आईची काय पाळी लावायची?

त्या दिवशीचा डाव आईचाच होता, हे मी मानतो. माझ्या बायकोनं वाटलेली साखर तिनं माघारी पाठवली. पण देवाच्या हवाली करणं म्हणजे काय, ते मला तीन वर्षांच्या पोरीनं शिकवलं. आम्ही कुलूप लावून, तोंड मिटून, हवाली म्हणायचो. तिनं आपल्याच्यानं आजोबा उठत नाहीत हे ओळखलं आणि जोरात सांगितलं. मीही आता सांगतो. देव्हाऱ्यापुढं सांगतो, वॉर्डातला पुढारी दिसला तर त्यालाही सांगतो. तो म्हणतो, "बघू काका." मी म्हणतो, "बघायचंच आहे तर दुपारी ये."

तोवर त्या बाईचा पोरगा मधल्या वेळात आमच्याकडं असतो. दार उघडं, पान टपरीवाल्याचं लक्ष, आणि मी जेवून गोळी घेतो. एका साखर उतरणाऱ्या म्हाताऱ्याच्या भरवशावर दोन लेकरं, ही काही व्यवस्था नव्हे, हे मला कळतं. पहिल्या दिवशी ठकीनं त्याच्या हातात घंटा दिली. त्यानं आतला लोळा मुठीत घट्ट धरला, वाजू नये म्हणून, आणि दाराकडं बघितलं.

मी म्हणालो, "वाजव रे बाबा. इथं कुणाला कळलं तर चांगलंच आहे."

त्यानं मूठ सोडली. एकदा वाजवली, थांबला. कुणी रागावलं नाही म्हणून परत वाजवली. मग जी वाजवायला लागला ती खिडकीतून दोन-चार हात आत आले तरी थांबेना. मी फोटोकडं तोंड करून बसलो होतो, कितीतरी दिवसांनी. हात जोडले आणि साखर वाटायला उठलो.