स्वतःच्या वाक्यांची वही

सातवीच्या पुस्तकातले साठ इंग्रजी शब्द आणि प्रत्येक शब्दाचं एक वाक्य, अशी इंग्रजीच्या बाईंची एक वही होती. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा, ‘खालील शब्दांचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.’ आता पोरांना स्वतःची वाक्यं सुचायची म्हणजे डोक्याला ताप. म्हणून ती ‘स्वतःची’ वाक्यं बाईच वर्गात उतरवून द्यायच्या. त्रेपन्न पोरं तीच घोकायची, तीच लिहायची आणि बाई तासाभरात पेपरांचा गठ्ठा हातावेगळा करायच्या. हसू नका. अठरा वर्षं शाळेचा इंग्रजीचा निकाल त्या वहीच्या जिवावर चालला होता, आणि तुमच्या-माझ्या शाळेत तरी काय वेगळं होतं?

पोरं त्यांना मागून ‘टिकमार्क बाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं. पूर्वी त्यावर त्या स्वतःच हसायच्या.

चार महिन्यांपूर्वी बाईंचे यजमान ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. फोन आला तेव्हा बाई भाजी चिरत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, चिरलेली भाजी झाकून ठेवली, चपला घातल्या. तेव्हापासून त्या सगळं तसंच करत होत्या, नीट आणि वेळेवर. डोळ्यांतून टिपूस नाही. लोक म्हणाले, मोठी धीराची बाई हो. कसला धीर आणि कसलं काय! दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशा त्या आख्ख्या झाल्या होत्या.

सासूबाई रोज संध्याकाळी म्हणायच्या, “एकदा रडून घे गं. माझा मुलगा होता तो, मी रडते आणि तू कणीक मळत बसतेस.”

“रडेन हो आई,” बाई म्हणायच्या, आणि कणीक मळायच्या.

सहामाहीचे पेपरही त्यांनी तसेच तपासले. ओळखीचं वाक्य दिसलं की बरोबर, नाही दिसलं की फुली. एका पेपरात दहाच्या दहा वाक्यं अनोळखी निघाली. दहा फुल्या, खाली शून्य, पुढचा पेपर.

तो पेपर होता चिमणीचा. तिसऱ्या बाकावरची बारीक चणीची पोर, म्हणून सगळा वर्ग तिला चिमणी म्हणायचा. त्या शून्यानं ती इंग्रजीत चार मार्कांनी नापास झाली. ‘अ’ तुकडीतून थेट ‘क’ तुकडीत. आणि त्या शाळेत ‘क’ तुकडीत गेलेलं पोर परत वर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिथं शिक्षकही हात टेकून बसायचे.

तुकडी बदलायची तर पेपर पुन्हा एकदा वाचून सही करायची, असा शाळेचा नियम होता. म्हणून बाई शुक्रवारच्या रिकाम्या तासाला तो पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत बसल्या. सही करून मोकळं व्हायचं, एवढंच मनात होतं. पण नियमात ‘वाचून’ असं लिहिलं होतं, म्हणून त्यांनी वाचला.

‘सवय’ या शब्दावर वहीतलं वाक्य होतं, लवकर उठणे ही चांगली सवय आहे. पोरीनं तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, मी सवयीनं चार ताटं घेते आणि मग एक परत ठेवते. ‘शांत’ या शब्दावर लिहिलं होतं, पप्पांच्या खोकल्यानं आमची झोपमोड व्हायची, आता घर शांत आहे आणि आम्हाला झोप येत नाही. ‘वाट पाहणे’ या शब्दावर वहीत बस होती. चिमणीनं लिहिलं होतं, सगळे रडून झाले, मी अजून माझ्या रडण्याची वाट पाहते आहे.

बाईंनी हजेरीपट उघडला. मुलगी तीन आठवडे गैरहजर. वाक्यं उतरवून दिली ती नेमकी त्याच तीन आठवड्यांत. वर्गशिक्षकांनी याच खोलीत सांगितलं होतं, त्या पोरीचे वडील गेले. बाईंनी मान हलवली होती. या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

दहा वाक्यांत दोन स्पेलिंगं चुकलेली. आठ मार्क सरळ होते. बाई पेपर घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या.

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळी वाक्यं वाचली, चष्मा काढला, पुसला. “चांगली आहेत हो. पण बाई, हिला मार्क दिले तर बाकीच्या बावन्न जणांचं काय? त्यांची स्वतःची वाक्यं तर एकसारखी आहेत! उद्या एखादा पालक उभा राहिला, तर मी काय सांगू? त्यापेक्षा सोमवारी हिची फेरपरीक्षा घ्या. तेच दहा शब्द. प्रश्न मिटला.”

अहो, इथं भांडायचं होतं! टेबलावर हात आपटून सांगायचं होतं, की साहेब, अठरा वर्षांत या प्रश्नाचं खरं उत्तर एकाच मुलीनं लिहिलंय. पण भांडायला आत काहीतरी पेटावं लागतं. बाई “ठीक आहे सर” म्हणाल्या आणि वर्गाच्या दारात जाऊन चिमणीला एवढंच सांगितलं, “तो प्रश्न सोमवारी परत लिहायचाय. तेच शब्द आहेत.”

सोमवारी मधल्या सुट्टीत चिमणी बाईंसमोर बसून लिहीत होती. भराभर, न थांबता. सात मिनिटांत कागद पुढे केला.

लवकर उठणे ही चांगली सवय आहे. ग्रंथालयात शांत बसावे. आम्ही बसची वाट पाहतो.

दहाच्या दहा. स्पेलिंगची एक चूक नाही. बाईंचं पेन प्रत्येक वाक्यावर थांबत थांबत खाली गेलं.

“ही कुठून आणलीस?”

“पहिल्या बाकावरच्या मुलीची वही मागून नेली. दोन दिवस आईनं पाठ करून घेतली.” चिमणीनं कागदाकडे पाहिलं. “मी ‘अ’ मध्ये राहीन ना, बाई?”

“राहशील.” बाईंनी दहापैकी दहा लिहिले. मग न राहवून विचारलं, “आधीची का नाही लिहिलीस गं? तुझी?”

“ती चुकली होती ना.”

“चुकली नव्हती.”

चिमणीनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. खरंच कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं, “मग शून्य का दिलंत?”

बाहेर मैदानावर पोरांचा गलका चालला होता. बाईंना सांगता आलं असतं, नजरचूक झाली, गठ्ठा मोठा होता. त्या म्हणाल्या, “मी ती वाचलीच नव्हती.”

आणि त्यांना लाज वाटली. कानाच्या पाळ्या तापल्या, समोरच्या पोरीकडे बघवेना. चार महिन्यांत बाईंना पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं, आणि ती लाज होती.