भरलेला परत आलेला पेला

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रस मी करते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो लागतो. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी उकळून फडक्यातून पिळायच्या, वरून साखर. पेले बोटभर उंचीचे, काचेचे. उपासना संपली की लोक आपापला पेला पुढच्या बाकाच्या खोबणीत ठेवून जातात. ते गोळा करून धुते मीच. त्यामुळे जे पाळकसाहेबांना वेदीजवळून दिसत नाही ते मला मोरीपाशी दिसतं.

मागच्या वर्षी एक पेला दर महिन्याला भरलेला परत यायचा. शेजारी भाकरीचा तुकडाही तसाच.

ती बाई आष्टीकडून आलेली. सावंगीत एक खोली घेऊन डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरींचे डबे करायची. नवरा गावी, म्हाताऱ्या आईजवळ. तबक समोर आलं की ती पेला उचलायची, मान खाली घालायची आणि तसाच ठेवून द्यायची. कुणाला काही कळत नव्हतं. कळत होतं ते फक्त मला, आणि मी गप्प बसणारी बाई नाही.

जो प्रभूच्या मेजावरून उपाशी उठतो त्याच्या पोटात काहीतरी पाप असतं, हे मी धरून चालले. मग पाप शोधायला लागले. नवरा गावी असतो की सोडून दिलाय? त्यात एकदा ती मला केळझरच्या गणपतीला जाणाऱ्या एस.टी.त दिसली, घरमालकिणीच्या शेजारी, मांडीवर नारळाची पिशवी. चतुर्थी होती. मला वाटलं, सापडलं.

आमच्या महिला मंडळाची प्रार्थना दर बुधवारी पाळीपाळीने एकेकीच्या घरी असते. तिची पाळी आली तेव्हा मी सेक्रेटरीणबाईंना म्हणाले, "तिचं जरा थांबवा. पेला पीत नाई ते." पाळी पुढच्या बाईकडे गेली. दोन महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा गेली. तिने त्या दिवशीचे डबे बंद ठेवून खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली होती, हे मला नंतर कळलं. मंडळात राहायचं आणि घरी कोणी यायचं नाही, म्हणजे आमच्यात बाहेरची ठरल्यासारखंच.

एका शनिवारी मी मनुका पिळत होते, तर ती दारात उभी.

"सलाम, काकू." तिने हात पुढे केला; आमच्यात सलाम हातात हात घेऊनच करतात.

मी हात दाखवले. कोपरापर्यंत रस. "हात खराब हायेत."

"तुमचे हात नेहमीच खराब राह्यते. पाच महिने झाले, एकदा सलाम नाई घेतला तुमी."

मी सरळच विचारलं, "तू पेला काऊन पीत नाई? काई पाप असन तं पाळकसाहेबांले सांग. मंडळीले कायले फसवून राह्यली?"

ती म्हणाली, "तुमच्यासाठीच नाई पीत, काकू."

"माझ्यासाठी?"

"मी आली त्या पहिल्याच रविवारी पाळकसाहेब म्हणाले ना, कोणाच्या मनात आपल्याबद्दल काई असन तं आधी ते मिटवा, मंग मेजापाशी या. अन् त्याच दिवशी मी तुमाले म्हणलं, काकू, हे तं शरबत झालं. तवापासून तुमी बोलल्याच नाई. मंग मी कशी पिऊ?"

मला आठवत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला पक्कं आठवत होतं. चार बायकांसमोर म्हणाली होती, हसत. कितीतरी वर्षं मी तो रस करत आले, कोणी एक शब्द बोललं नव्हतं. पण त्या रागाला मी राग म्हणतच नव्हते. मला माणूस ओळखता येतं, असं म्हणत होते.

तरी मी लगेच हरले नाही. "मंग केळझरले कायले गेलती?"

"घरमालकीणबाईचे गुडघे दुखते. त्यायची पिशवी धरून गेलती. त्या आत गेल्या, मी भायेर चपला राखत बसली. येताना त्यायनं पेढा देला, तो खाल्ला. त्याचं काई असन तं तेबी आजच सांगून टाका."

मला हसू आलं. माझ्या नवऱ्याला मी जन्मात 'चुकलं' म्हटलं नव्हतं. तिला म्हटलं, आणि चिकट हातानेच सलाम केला. दुसऱ्या दिवशी तिचा पेला रिकामा आला.

खरं अवघड काम बुधवारचं होतं. जिथे बोलले होते तिथेच, मंडळापुढे उभं राहून सगळं सांगितलं.

सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "म्हंजे पाप तुमचं अन् सजा तिले?"

"हो."

मागून एक म्हणाली, "शरबत तं मलेबी वाटे. पन तुमच्या तोंडाले लागन कोण?"

सगळ्या हसल्या. मला राग आला, आणि तो गीत संपेपर्यंत राहिला. सवय एका दिवसात जात नाही. माझी अजून गेलेली नाही. आजही चर्चमध्ये कोणी उशिरा आलं की मी कारण आधी ठरवते, विचारते नंतर.

पुढच्या बुधवारी आम्ही तिच्या खोलीत. डब्यांची थप्पी तिने खाटेखाली सारली होती, तरी निम्म्या बायका जिन्यावर बसल्या. ती म्हणाली, "प्रार्थना काकूंनी करावी."

आमच्यात एक सोय आहे. जे तोंडावर बोलता येत नाही ते प्रार्थनेत बोलायचं. 'प्रभू, आमच्या या बहिणीची जीभ आवर,' असं म्हटलं की त्या बहिणीला डोळे मिटून ऐकावंच लागतं, वर आमेनही म्हणावं लागतं. यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

मी सुरू केलं, "प्रभू, आमच्या या बहिणीची..." आणि अडले. पुढचा शब्द सवयीने ओठावर आला होता, तो गिळला. मग एवढंच म्हणाले की या घरात आम्हाला बसायला जागा मिळाली, तुझे आभार. आमेन.

जिन्यावरून कोणीतरी विचारलं, "झाली? एवढीच?"

"एवढीच," मी म्हटलं. "चहा ठेव वं पोरी."