धूमकेतूतून वजा झालेलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कन्फेशनला गुडघे टेकून फादरनाही नाही. वर्षानुवर्षं टाळलं — आता पंचाहत्तरी उलटली, अजून किती टाळू?

धूमकेतूंमधून किती पाणी बाहेर पडतं ते मोजणं, हे माझं काम. सूर्याजवळ आला की धूमकेतूच्या बर्फाची वाफ होते, उन्हाने त्या वाफेचे रेणू फुटतात आणि सुटलेला हायड्रोजन चमकतो. ती चमक जमिनीवरून दिसत नाही, अवकाशातल्या दुर्बिणीला दिसते. तिच्यावरून पाणी किती ते काढायचं. पण रिकामं आकाशही थोडं चमकतं, म्हणून त्याआधी आसपासच्या रिकाम्या आकाशाची चमक वजा करावी लागते.

माझ्या हाताखाली रिटा होती — पाचूबंदरची, कोळ्याची मुलगी, कंत्राटावर. तिची आई एकदा मला हसून म्हणाली होती, "दारात एवढा दर्या, नि तुमी आभालात पानी मोजता?"

मी निवडलेला आकाशाचा तुकडा रिटाला खटकला. "सर, हे रिकामं नाही. धूमकेतूचा ढग इथवर पसरलाय. आपण त्याचंच पाणी त्याच्यातून वजा करतोय."

"तू आधी बोंबील मोजायला शिक," मी म्हणालो. गटातले सगळे हसले. तीही हसली — का हसली असेल?

आम्ही जाहीर केलं, धूमकेतू कोरडा पडत चाललाय. मग दुसऱ्या गटाने दाखवून दिलं, पाणी भरपूर होतं. चौकशीची बैठक बसली. विचारलं गेलं — ते आकाश कुणी निवडलं?

रिटा माझ्यासमोरच बसली होती. मी म्हणालो, "रिटाने."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग समोरची वही मिटली. माझ्या शिफारशीशिवाय तिला पुढे जागा मिळणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं — आणि मी त्यावरच तर विसंबलो होतो. तिचं कंत्राट गेलं. शिफारस मी दिलीच नाही. कशी देणार? चूक तिची होती ना.

आता ती गोखिवऱ्यात शिकवण्या घेते. रविवारी माणिकपूरच्या चर्चमध्ये कधी माझ्या पुढच्याच बाकावर असते. मिस्साच्या उपासनेत एकमेकांना शांती द्यायची वेळ येते, सगळे एकमेकांकडे वळतात. तीही वळते, हात जोडते. "शांती असो, सर."

"शांती असो," मी म्हणतो. आणि पुढचं — रिटा, ते आकाश मी निवडलं होतं, मला माफ कर — ओठांवर येईतो ती वेदीकडे वळलेली असते.