रिबकेची दाई

दुपारचं जेवण जरा अंगावर आलंय. शब्बाथचा दिवस, कामाला हात लावायचा नाही, म्हणून मी आतल्या खोलीत आडवी पडले आहे. डोळे मिटतात न मिटतात तोच प्रार्थना चालवणाऱ्या हजानचा सकाळचा आवाज पुन्हा कानाशी येतो. नाव मिळालं का, रिबकाबाई?

नाही मिळालं. तीच तर पंचाईत आहे. संध्याकाळी शब्बाथ सुटला की घरी मलिदा आहे, पोहे-खोबरं वाटून करतात तो आमचा विधी, आणि मलिद्यानंतर मला माझ्या दाईसाठी हश्काबा म्हणवून घ्यायची आहे. ही आमची मेलेल्यांसाठीची प्रार्थना, आणि ती नाव घेतल्याशिवाय म्हणता येत नाही. अमुक, अमक्याची मुलगी. हजानने सवलतही देऊ केली, बापाचं माहीत नसेल तर आईचं घेऊ, पण तिचं स्वतःचं तरी हवं ना? आता ते कुठून आणू? सगळं गाव तिला दाई म्हणायचं. रिबकेची दाई. माझ्या आईला दूध नव्हतं म्हणून कुठल्याशा गावाहून ही विधवा बाई मला पाजायला आली आणि मरेपर्यंत आमच्याकडेच राहिली. तिला पुरलं तेव्हा कुणीतरी तिचं नाव घेतलंच असेल, पण ते घेणारेही आता तिच्याच शेजारी झोपलेत. सोमवारी मी मुलाकडे इस्राएलात अश्दोदला निघतेय, कायमची. भाऊ हसकेलही वर्षभरात घर विकून येणार. मग इथे तिच्यासाठी तोंड उघडणारं कोण उरणार? आज राहिलं की राहिलंच.

आणि योग असा, की आज सकाळी मशिदीत धर्मग्रंथातला नेमका दाईचाच पाठ होता. आम्ही बेने इस्राएल यहुदी लोक आमच्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो. रिबकेचा मुलगा याकोब लवाजमा घेऊन परत निघालाय, आणि मध्येच एका ओळीत रिबकेची दाई, दबोरा, मरते. तिला एका झाडाखाली पुरतात, सगळे इतके रडतात की त्या झाडाचं नावच रडण्याचं झाड पडतं. पुढे लगेच दुसरा विषय. खुद्द रिबका कधी मेली ते कुठेच सांगितलेलं नाही. माझं नाव तिच्यावरून ठेवलेलं, म्हणून मला हे लहानपणापासून डाचतं. एवढी कर्तबगार बाई, तिच्या मरणाची ओळ तिच्या दाईला कशी दिली?

कुणीतरी वाल सोलतंय. भिजलेल्या वालाची सालं पाण्यात पडताहेत. मी उठून बसते. पलंगाच्या पायथ्याशी दाई बसली आहे, पाठमोरी, पुढ्यात परात. तिचा अंबाडा तसाच सुपारीएवढा.

"शब्बाथला वाल सोलतेस?" मी विचारते.

"आमाला आता कसला शब्बाथ, रिबू."

मला आनंद व्हायला हवा, पण होत नाही. ती मान वळवत नाही. मी पाय खाली सोडते तर जमीन वाळूची आहे. खोलीला भिंती नाहीत. परात उंटाच्या पाठीवर आहे, दाईही उंटाच्या पाठीवर आहे, आणि तो उंट आमच्या मशिदीच्या मधल्या वाटेने सावकाश चाललाय. बाकांवर बसलेले पुरुष पाय आवरून घेतात. कोणी वर बघत नाही.

मी उंटाच्या बाजूने चालते आणि तिला अडचण सांगते. संध्याकाळी तिला पुकारायचंय, हजान खोळंबलाय, तिने नाव सांगावं म्हणजे झालं. ती ऐकून घेते आणि वाल सोलत राहते. मला चीड येते. मेल्यावरही हिचा हेका तोच, विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही.

"सकाळी वाचलं ते ऐकलंस ना?" ती म्हणते. "ती दबोरा. बापाच्या घरून रिबकेसंगं निघाली तवा नुसती दाई. मेली तवा नाव निघालं."

"म्हणून तर तुझंही विचारतेय."

"माजं नको."

आता उंट नाही. आम्ही एका झाडाखाली आहोत. झाड ओळखीचं वाटत नाही. आंबा नाही, चिंच नाही. फांद्यांवर आमच्या घरच्या चादरी वाळत घातल्यात आणि त्यातून पाणी गळतंय. खाली बायका बसल्यात, पदर तोंडावर घेऊन रडताहेत. मी त्यांच्यात आईला शोधते. आई नाही. मला तिथून निघून जावंसं वाटतं, पण पाय वाळूत रुतलेत.

दाई पहिल्यांदा तोंड वळवते. ती म्हातारी नाहीये. वीस-बावीसची पोर आहे, डोळे सुजलेले. तिच्या पदराखाली काहीतरी हलतंय.

"हा कोण?"

"तुज्या आधीचा."

ती पदर बाजूला करते. तान्हं मूल आहे, मूठभर, काळंसावळं. ते तोंड उघडून रडतंय आणि आवाज येत नाही. मला बघवत नाही. मी तिला म्हणते, झाक ते, आणि ती झाकत नाही.

मग ती सांगते, वालाच्या भावाबद्दल बोलावं तशी. नवरा आधीच वारला होता. मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंता होऊन नाव ठेवायचं, ते व्हायच्या आतच तो गेला. नाव नाही, मग त्याला पुकारणार कसा? कोणी कधी पुकारलं नाही. छाती भरून दुखत होती, त्यात आमच्याकडचा माणूस पाजायला बाई विचारत आला, आणि ती लुगडं बदलून त्याच्याबरोबर निघाली.

"त्या दबोरेचंबी एक पोर असंल," ती बायकांकडे बघत म्हणते. "त्याची गोष्ट कुठं हाय? मला पुकारू नको रिबू. त्याला पुकार."

"मी कशी पुकारू? नावच नाही त्याला."

"तू ठेव."

"मी कोण त्याचं नाव ठेवणारी?"

"त्याचं दूध प्यालीस ती."

ती हे रागाने म्हणत नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी सत्तरीची बाई, मला ओक्साबोक्शी रडू फुटतं, आणि रडतानाच माझ्या लक्षात येतं की आता माझाही आवाज येत नाहीये. तिने मूल माझ्या हातात दिलंय. केवढं जड आहे. ते माझ्या कोपराच्या खळीत डोकं घुसळतं, काहीतरी शोधतं. चादरींचं पाणी आमच्या दोघांवर पडतंय. मी नाव शोधते. बापाचं, आजाचं, मुलाचं, सगळी नावं कुणाची ना कुणाची आहेत. दाई दूर चालली आहे, बायकाही उठल्यात. मी तिला थांब म्हणते.

"ताई. अहो ताई."

सिम्हा, हसकेलची बायको, दारात उभी आहे. खोलीला भिंती आहेत. बाहेर अंधारून आलंय आणि ओल्या खोबऱ्याचा वास येतोय.

"हजान आलेत," ती म्हणते. "दाईचं नाव विचारताहेत."

"दाईचं नाही कळलं. तिच्या मुलाचं सांगते."

"दाईला मूल कधी होतं?"

मी उठायला जाते तर डावा हात बधिर झालाय. मी तो तसाच उजव्या हाताने उचलून तिच्यापुढे धरते. पोलक्याची बाही कोपरापाशी भिजून अंगाला चिकटली आहे. सिम्हा बोट लावते. ओल अजून कोमट आहे. तिने दोन मुलं वाढवलीत. ती बाही नाकाशी नेते आणि माझ्याशेजारी पलंगावर बसते.

"दूध आहे हे, ताई." मग विचारते, "काय नाव?"

"नाथान," मी म्हणते. "माझा मोठा भाऊ."