मागाची गाठ आणि हेडलाइटची तार

आमच्या ह्यांच्या हाताला मागाची खोड लागलीय. धागा तुटला की गाठ मारायची आणि माग चालू करायचा. टॉवेलच्या कारखान्यात ते चालतं. पण घरात चपलेचा पट्टा तुटला, मारली गाठ. बादलीची कडी निखळली, घातला सुताचा वेढा. माझ्या स्कूटरच्या हेडलाइटची तार तुटली तेव्हाही ह्यांनी तेच केलं आणि वर मलाच ऐकवलं, "झालं की. गॅरेजवाल्याच्या दारात कशाला जायचं?"

मी पहाटे कुंभारीहून अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिलाईच्या कामाला जाते. लेक मागं बसते, तिला पुढं कॉलेजला सिटी बस मिळते. एकदा वळणावर मी हँडल डावीकडं घेतलं आणि दिवा गेला. समोर मेंढरांचा कळप. आम्ही दोघी रस्त्यावर, लेंड्यांत पडलो. लेकीचा गुडघा फुटला. तेव्हापासून ती गाडीवर बसेना, अंधारात एकटी बससाठी फाट्यापर्यंत चालत जायची. ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारातच उभी राहायचे.

शेवटी रविवारी दुपारी मीच पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. शिलाई मशीनच्या दिव्याची वायर मी घरीच बदलते, तेवढी अक्कल आहे मला. बॅटरीची तार सोडली, पुढचं कव्हर काढलं. शी! आत तारा कसल्या, नुसतं गाठोडं. लाल, हिरवं, पिवळं टॉवेलचं सूत, त्यावर तेल, तेलावर धूळ, मधे झुरळांची अंडी. ते चिकट बोटांना लागलं, फडक्याला पुसलं तरी जाईना. एकेक वेढा सोडवला, तर आत टेप नावाला नाही. दर गाठीला तार आखूड होत गेलेली. हँडल सरळ असेपर्यंत कशीबशी टेकायची, वळवलं की ताण बसून सुटायची. झुरळांपेक्षा मला ह्या 'झालं की'चीच जास्त शिसारी आली. पोरीचा जीव सुतावर टांगला होता ह्या माणसानं.

ते सगळं कापून उकिरड्यावर टाकलं. बटणापासून बल्बपर्यंत नवी वायर घातली, हँडलपाशी चांगली सैल ठेवली, सांध्यांना टेप गुंडाळली. तेवढ्यात हे आलेच, हातात सूत घेऊन. "हितं एक गाठ मारू का? पक्कं बसंल."

"हात तर लावून बघा," मी म्हटलं. "तुमच्या गाठी बघून ओकारी यायला लागलीय मला."

सोमवारी पहाटे गाडी चालू करून अंगणात लावली. लेक आली. तिनं हँडल डावीकडं पार टोकाला नेलं, मग उजवीकडं. दिवा गेला नाही. तरी ती बसेना. तिनं वाकून हँडलखाली हात घातला आणि सगळीकडं चाचपून बघितलं.

"सूत न्हाय ना कुटं?" तिनं विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं.

मग ती बसली. हे दारातच उभे होते. खाली मान घालून पुढं आले, गाठी मारायला पुढच्या डिकीत ठेवलेलं सुताचं रीळ काढलं आणि घरात घेऊन गेले.